जुना टीव्ही घेताना

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही ताईकडे गेलो होतो. माळ्यावरचे सामान खाली काढण्याचे काम चालले होते. त्यात एका खोक्यातून व्हिडिओ गेमचे यंत्र निघाले. चार-पाच कॅसेटी, वायरी आणि एक प्लास्टिकची बंदूक. दाजींनी १९९७ साली कारखान्यात कायम झाल्यावर पहिल्या बोनसमधून ते घेतले होते. २०२१ सालच्या कोरोनात दाजी गेले. भाचा आता दहावीत आहे. लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून तो याच बंदुकीने पडद्यावरची बदके मारत असे.

भाच्याने यंत्र घरातल्या सपाट टीव्हीला जोडले. चित्र आले, आवाज आला, बदकेही उडाली. पण एकही नेम लागेना. शेवटी तो म्हणाला, "मामा, पप्पांची बंदूक बिघडली." ताई म्हणाली, "बिघडली असेल तर सगळंच भंगारात द्या. बघून जीव तुटतो नुसता."

आम्ही म्हटले, घाई करू नका. बंदूक बिघडलेली नव्हती. बदलला होता तो टीव्ही.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली असे यंत्र तिकडे विक्रीस आणले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आली ती बहुतेक त्याच्या नकला. ही यंत्रे ट्यूबच्या टीव्हीसाठीच बनवलेली होती. त्या टीव्हीत मागच्या निमुळत्या मानेतून इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या थरावर आदळतो आणि तेथे उजेड पडतो. हा झोत ओळीमागून ओळ काढत वरून खाली येतो. आपल्याकडच्या पद्धतीत असा फेरा सेकंदाला ५० वेळा होतो. बंदुकीचा घोडा दाबला की यंत्र क्षणभर पडदा काळा करते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढते. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा एक लहान भाग असतो. त्याला तो उजेड त्याच क्षणी दिसला तर नेम लागला. म्हणजे बंदुकीतून सुटत काहीच नाही, ती फक्त पाहते. सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र आधी आत घेतो, त्याचे माप बदलतो आणि मग दाखवतो. त्यात क्षणाचा उशीर होतो, आणि त्याचा उजेडही तसा लखकन पडत नाही. बंदूक पाहते तेव्हा समोर काहीच नसते. बंदुकीविना खेळायच्या खेळातही बटण दाबणे आणि उडी मारणे यांत हाच उशीर जाणवतो.

तेव्हा जुना टीव्ही शोधायचा ठरले. दुकानात नवा ट्यूबचा टीव्ही आता मिळत नाही. स्टेशनपलीकडच्या एका दुरुस्तीच्या दुकानात तीन-चार पडून होते. ताईने पदराच्या गाठीतून पाचशेच्या दोन नोटा काढून दिल्या. म्हणाली, "यापुढे एक रुपया नाही." शिलाईच्या कामाचे पैसे होते ते. फसलो असतो तर तिला काय तोंड दाखवणार होतो?

आणि फसण्याची वेळ आलीच होती. दुकानदाराने प्रथम संगणकाचा जुना मॉनिटर पुढे केला. "काच तीच, ट्यूब तीच, दोनशेला न्या." आम्हाला स्वस्त वाटले. पण त्याच्या मागे टीव्हीसारखी पिवळी पिन लावायला जागाच नव्हती. तशी जोडणी करून घेतली तरी भागत नाही. आपल्या पद्धतीचा टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी काढतो. संगणकाचा असा मॉनिटर साधारण त्याच्या दुपटीने चालतो. जुन्या गेमचे चित्र त्याला सरळ घेता येत नाही. तेव्हा ट्यूब पाहून भुलू नये. टीव्हीच मागावा.

मग २९ इंची मोठा टीव्ही आला. नामांकित कंपनीचा, पुसून चकचकीत केलेला. केबलवर गाणे लागले होते, रंग छान दिसत होते. आम्ही नोटा हातात काढल्याही होत्या. तेवढ्यात भाचा म्हणाला, "मामा, आपलं यंत्र लावून बघू ना." लावले, आणि पोल उघडे पडले. चित्राच्या कडा आत वाकलेल्या. पडदा उजळ झाला की चित्र फुगे, काळा झाला की आकसे. हलत्या गाण्यात ते कळले नव्हते. गेमच्या सरळ रेघांनी लगेच दाखवले. इतकी वर्षे हिशेब तपासण्याची नोकरी करणाऱ्या आम्हाला जे सुचले नाही, ते पोराला सुचले.

त्या दिवशी जे शिकलो ते वाचकांसाठी क्रमाने देतो.

आपले यंत्र, आपली वायर घेऊनच जावे. टीव्ही अर्धा तास चालू ठेवावा. ट्यूब थकलेली असेल तर चित्र आधी मंद असते आणि फार सावकाश उजळते. पांढरा पडदा आणून पाहावे. पांढऱ्यावर पिवळी किंवा निळसर झाक असेल तर एखादा रंग क्षीण झालेला असू शकतो. एकच वाहिनी वर्षानुवर्षे चाललेल्या टीव्हीवर तिच्या चिन्हाचा डाग कायमचा उमटलेला असतो. तो जात नाही. कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग असतील तर शेजारी स्पीकर आहे का ते पाहावे. ते लोहचुंबकाचे काम असते. टीव्ही अर्धा तास बंद ठेवून पुन्हा लावल्यावर डाग पुष्कळदा जातात. न गेल्यास तो सोडावा. अक्षरांच्या कडेला लाल-निळी सावली नको. जळका वास किंवा तडतड आवाज आला तर तेथून निघावे.

चित्र काळे-पांढरे आले तर टीव्ही लगेच वाईट ठरवू नये. जपानी किंवा अमेरिकी यंत्राची रंगाची पद्धत आपल्याहून वेगळी असते. टीव्ही दोन्ही पद्धती घेतो का ते विचारावे. पुष्कळ टीव्हींत गेमची वाट रिमोटनेच निवडावी लागते, म्हणून रिमोट मागून घ्यावा. शेवटच्या काळातल्या काही महागड्या टीव्हींवर '१०० हर्ट्झ' लिहिलेले असते. त्यावर या बंदुका चालत नाहीत.

एक गोष्ट मात्र ठळक सांगतो. मागचे झाकण उघडू नका, आणि मुलांना तर मुळीच उघडू देऊ नका. रंगीत टीव्हीच्या ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत साठून राहू शकतो. हे काम जाणकार कारागिराचेच. आतून निर्वात असलेली ती ट्यूब फुटली तर काचा जोराने उडतात. त्या काचेत शिसेही असते. आपल्याच वस्त्यांतील भावंडे मागच्या तांब्यासाठी हातोड्याने ट्यूब फोडताना आम्ही पाहिली आहेत. तोंडाला फडकेसुद्धा नसते. निकामी टीव्ही त्यांच्यापुढे टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रालाच द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठी नवे नियम लागू आहेत.

शेवटी आम्ही २१ इंची साधा टीव्ही घेतला. नाव फारसे मोठे नाही, कॅबिनेटला एक चरा. पण रेघा सरळ, पांढरा पांढराच, आणि चारही कोपऱ्यांत नेम लागला. सातशे टीव्हीला, शंभर रिक्षाला. वीस किलोच्या वरचे ते ओझे, जडपणा सगळा काचेच्या बाजूला. म्हणून काच छातीकडे धरून आम्ही मामा-भाच्यांनी मिळून जिना चढवला. भिंतीलगत भक्कम टेबलावर ठेवला. उरलेले दोनशे ताईच्या हातावर ठेवले.

पहिले बदक पडले तेव्हा ताई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आण इकडे. त्यांनी कितीदा बोलावलं, मला कधी वेळच झाला नाही."

तिचे पहिले तीन नेम चुकले. चौथा लागला.

जुनी वस्तू टाकण्याआधी ती बिघडली आहे की तिची जोडीदार वस्तू बदलली आहे, एवढे तपासावे. आणि विकत घेताना विकणाऱ्याच्या गाण्यावर न जाता आपले यंत्र लावून, आपल्या डोळ्यांनी पाहावे.