पांडुरंग नावाचे राज्य

आष्टीच्या आमच्या अभ्यासवर्गात व्हिएतनामचा विषय निघाला की चर्चा 1954 आणि 1975 या दोन सालांभोवती फिरते. फ्रान्स व अमेरिका या बलाढ्य सत्तांना नमविणाऱ्या शेतकऱ्यांविषयी आपल्याला वाटणारा आदर रास्तच आहे. परंतु त्याच देशाच्या राजांनी चाम लोकांचे राज्य टप्प्याटप्प्याने गिळले, हे मात्र आपण क्वचितच बोलतो.

आजच्या मध्य व दक्षिण-मध्य व्हिएतनामात चंपा हे राज्य होते. तेथील राजे शिवाची उपासना करीत, संस्कृतात शिलालेख कोरवीत. त्यांच्या दक्षिण टोकाच्या प्रांताचे नाव पांडुरंग! पंढरपूरशी त्याचे नाते जोडण्याचे कारण नाही. कालखंडाचे साम्य मात्र बोलके आहे. देवगिरीचा रामदेवराव दिल्लीचा मांडलिक झाला, त्याच सुमारास, 1306 मध्ये, चंपाचा राजा जय सिंहवर्मन तिसरा याने व्हिएतनामी राजकन्येशी विवाह केला आणि मोबदल्यात उत्तरेचे दोन प्रांत देऊन टाकले. तेथील रयतेला कोणी विचारले नाही. चाम राजेही सोवळे नव्हते. चे बोंग नगाने 1371 मध्ये शत्रूची राजधानी लुटली. पुढे 1471 मध्ये ले थान तोंगने विजय ही चंपाची राजधानी जिंकली, आणि 1832 मध्ये मिन्ह मांगने उरलासुरला पांडुरंगही खालसा केला.

आता प्रश्न असा की, देवगिरी बुडाली तरी मराठी माणूस आपल्या गावी टिकला, आणि चाम माणूस आपल्याच भूमीत मूठभर का उरला? माझ्या मते उत्तर धर्मात वा शौर्यात नाही, अर्थकारणात आहे. खलजींना हवा होता महसूल. तो गोळा करायला जुनेच पाटील-देशमुख चालत आणि नांगर जुन्याच कुणब्याच्या हाती राहिला. त्याची पिळवणूक झाली, हकालपट्टी झाली नाही. व्हिएतनामी राजांना मात्र जमीनच हवी होती. उत्तरेच्या दाट वस्तीच्या खोऱ्यातील भूमिहीन, सैनिक व कैदी यांना त्यांनी दक्षिणेत वसविले. लष्करी वसाहतींतून भातशेती पसरली. स्वतःच्या भूमिहीनांचा प्रश्न त्यांनी दुसऱ्याला भूमिहीन करून सोडविला. 2019 च्या जनगणनेत व्हिएतनाममधील चाम लोकसंख्या दोन लाखांच्याही आत होती.

म्हणून कोणत्याही विजयाचा जयघोष करण्यापूर्वी कार्यकर्त्याने एक विचारावे: त्यानंतर जमीन कसणाऱ्याकडे राहिली काय? हा प्रश्न परक्यांपुरता नाही. आपल्या तालुक्यात कोणतेही परकीय सैन्य आलेले नाही. तरीही पाण्यावाचून शेत पडीक टाकून दरवर्षी हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला परमुलखात जातात. सातबारा नावावर आहे, पण त्यावर पोट भरत नाही. राजा न बदलताही रयत उठून जाते, ती अशी. ती जागेवर राहील एवढे पाणी आणि काम मिळवून देणे, हीच आपली लढाई होय.