मृत भाषा आणि जिवंत मुलें

आम्ही आमच्या मुलीला शिकागोजवळील एका ‘क्लासिकल’ कॅथॉलिक शाळेंत घातल्याची वार्ता वसईस पोंचतांच आप्तेष्टांनीं एकमुखानें आमचा उद्धार केला. लॅटिन ही मृत भाषा, असें एक म्हणाले. संगणकाच्या युगांत पोरीला सिसेरो शिकवून तिच्या पोटापाण्याचें काय होणार, असें दुसऱ्यांनीं विचारलें. यांस उत्तर देणें आम्हांस प्राप्त आहे.

आमची मुलगी ज्या सरकारी शाळेंत होती ती वाईट नव्हती. परंतु चार वर्षांत तेथें तिच्याकडून एकहि पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून घेतलें गेलें नाहीं. उतारे वाचावे आणि चार पर्यायांपैकीं एकाचें वर्तुळ काळें करावें, एवढेंच तिला वाचन म्हणून ठाऊक झालें होतें. नव्या शाळेंत एक वर्ष गेल्यावर एका रात्रीं जेवतांना ती म्हणाली, “बाबा, तें याच्यानंतर घडलें, म्हणून याच्यामुळें घडलें असें कसें?” बाबा निरुत्तर झाले. पोटापाण्याची काळजी वाहणाऱ्यांनीं या प्रश्नाची बाजारांतील किंमत खुशाल ठरवावी.

व्याकरण, तर्क व वक्तृत्व ही त्रयी कांहीं कालपरवांची टूम नव्हे. मध्ययुगीन युरोप तिच्यावर पोसला. जेसुइटांनीं १५९९ सालीं ‘रातिओ स्तुदिओरुम’ या नांवानें आपल्या शाळांची घडीच बसविली. १९४७ सालीं ऑक्सफर्ड येथील व्याख्यानांत डोरोथी सेयर्स यांनीं या त्रयीची मुलांच्या वयाशीं सांगड घातली: आधीं पोपटपंचीचें वय, मग हुज्जतीचें, मग स्वतःचें कांहीं सांगण्याचें. (बाई अँग्लिकन होत्या, हें आमच्या कट्टर मित्रांच्या सोयीस्करपणें ध्यानांत राहत नाहीं.) अमेरिकेंतील कॅथॉलिक शाळांत १९६० च्या दशकांत ५० लाखांवर मुलें होतीं, आज तीं सतरा लाखांच्या आसपास आहेत. अल्प वेतनावर शिकविणाऱ्या जोगिणी उरल्या नाहींत, शाळा बंद पडत गेल्या. तशांत मेरिलँडमधील हायट्सव्हिलच्या सेंट जेरोम शाळेनें २०१० सालीं ही जुनी वाट धरली.

आमच्या आजोबांस लॅटिन मिस्सा तोंडपाठ असे. अर्थ एका शब्दाचाहि ठाऊक नसे. लॅटिन शिकणें म्हणजे एवढेंच असतें, तर आम्हीहि आक्षेपकांच्या पंक्तीस बसलों असतों.

खरें भांडण आमचें शाळेशींच आहे. वाचनाच्या यादींत होमर आहे, व्हर्जिल आहे, दान्ते आहे. सिंधूच्या अलीकडचें एक पानहि नाहीं. याच लॅटिन विद्येंत मुरलेले फादर टॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले, मराठी ओवी त्यांनीं आपलीशी केली, आणि १६१६ सालीं त्यांचें क्रिस्तपुराण राशोल येथें छापलें गेलें. आम्हीं तें नांव काढतांच मुख्याध्यापक सौजन्यानें म्हणाले, “तें आमच्या परंपरेंत बसत नाहीं.” जेसुइटाचा ग्रंथ कॅथॉलिक परंपरेंत बसत नाहीं! ज्या शाळेंत तर्क शिकवितात तेथें हें ऐकावें लागलें.

तरी मुलीला आम्हीं काढलें नाहीं. दर रविवारीं तिची आजी वसईहून दूरध्वनीवर क्रिस्तपुराणांतील ओव्या म्हणून दाखविते. गेल्या खेपेस मुलीनें तिला मध्येंच थांबवून विचारलें, “आजी, या ओवींत कर्ता कोठें आहे?” आजीला सांगतां आलें नाहीं. दोघी अजून शोधीत आहेत.