सूट जागेवर, ताटावर नको

गेल्या जानेवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी शेंडीजवळ, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, एका कॅम्पवर बसलो होतो. चौदा तंबू लागलेले, माणसं एकात. शेकोटी पेटवावी की लाकडं उद्यासाठी ठेवावीत, यावर मालक आणि आचारी यांची कुजबुज चालली होती. तेवढ्यात फोन वाजला. नाशिकची पार्टी, सहा जण, बुधवारी यायचं म्हणत होते. मालकांनी सांगितलं, "चौदाशे माणशी." थोडं ऐकून घेतलं. "चला, बाराशे करू." पुन्हा ऐकलं. "अहो दादा, जेवण आहे त्यात. चिकन आहे, सकाळचा नाश्ता आहे." शेवटी "बरं, नऊशे द्या, या" म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ऑफ सीझन आहे साहेब. रिकामं ठेवण्यापेक्षा बरं."

बरं होतं का, ते आम्ही तिथेच वहीच्या मागच्या पानावर मांडलं. चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे मिळून माणशी साडेचारशे. लाकूड, चादरी धुणं, पाणी मिळून पन्नास. फोन नंबर देणाऱ्या एजंटाचे दोनशे, कारण त्याचं कमिशन मूळ रेटवर ठरलेलं, तुटलेल्या रेटवर नाही. नऊशेतून सातशे गेले, उरले दोनशे. सहा माणसांचे बाराशे रुपये. त्यात रात्रीच्या राखणदाराचा पगार आणि तंबूंचा हप्ता यांचा वाटा धरलेलाच नाही. आणि खरी गोम पुढे आहे. हीच पार्टी फेब्रुवारीत शनिवारी येईल तेव्हा नऊशेच्या वर एक रुपया देणार नाही.

आपल्या वाचकांपैकी काही जण हल्ली परदेशातले कॅम्प बघून येतात. मुलगा नाहीतर मुलगी जर्मनीत किंवा हॉलंडमध्ये असते, उन्हाळ्यात आईवडील जातात, भाड्याच्या कॅम्परमधून आठवडाभर फिरतात आणि परतल्यावर आम्हाला सांगतात, "तिकडे ऑफ सीझनचं कार्ड असतं, आपल्याकडे तसं काढायला पाहिजे." म्हणून या अंकासाठी तिकडच्या योजना शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. कार्ड म्हणून सगळी सारखी दिसतात, पण आतला व्यवहार प्रत्येकाचा वेगळा आहे.

सर्वांत पसरलेली योजना एसीएसआयची. नेदरलँड्समधली ही संस्था १९६५ पासून कॅम्पांच्या मार्गदर्शिका काढते. तिचे निरीक्षक जागेवर जाऊन पाहणी करतात. तिच्या कॅम्पिंगकार्डमध्ये टक्के हा शब्दच नाही. ठरलेल्या पायऱ्या आहेत. २०२० च्या सुमारास त्या १२, १४, १६, १८ आणि २० युरोच्या होत्या. महागाईने पुढे वर सरकल्या, पण पद्धत तीच राहिली. मालकाने आपली पायरी निवडायची, ती वर्षभरासाठी छापली जाते. त्या रकमेत काय येतं तेही छापलेलं असतं : दोन माणसं, एक जागा, तंबू किंवा कॅरव्हॅन, गाडी, गरम पाण्याची अंघोळ, दिवसाला ठराविक युनिटांपर्यंत वीज आणि चालत असेल तिथे एक कुत्रासुद्धा. पर्यटन कर वेगळा. जुलै-ऑगस्टच्या ऐन हंगामात कार्ड चालत नाही. जर्मनीत पेंटेकॉस्टच्या जोडसुट्ट्यांना बरेच मालक ते बंद ठेवतात, आणि त्या तारखाही आधीच छापतात. फोनवर घासाघीस करायला जागाच उरत नाही.

कॅम्पिंग चेकची चाल निराळी. एक चेक म्हणजे दोघांची एक रात्र. गिऱ्हाइकाने आधीच रोख मोजून चेक घ्यायचे आणि हंगामाबाहेर हव्या त्या कॅम्पवर वापरायचे. पैसे आधी योजना चालवणाऱ्याकडे जमा होतात, मालकाच्या हाती नंतर येतात. सगळे चेक वापरणाऱ्याला हे परवडतं. पाच-सहा चेक कपाटात राहून त्यांची मुदत सरली की सूट कुठे गेली ते त्याचं त्यालाच कळत नाही.

तिसरं कार्ड कॅम्पिंग की युरोप. इथे टक्केवारी आहे, प्रत्येक कॅम्पवर वेगळी. त्याचा खरा फायदा मात्र दुसराच. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा त्यात असतो, आणि बऱ्याच कॅम्पांच्या खिडकीवर पासपोर्ट ठेवण्याऐवजी हे कार्ड दाखवलं तरी चालतं. सूट ही वरची कोथिंबीर.

आणि चौथी, कुठल्याच कार्डात न बसणारी : कॅम्पच्या स्वतःच्या पाटीवरची. सात रात्री राहा, सहाचे द्या. चौदा राहा, अकराचे द्या. एकाच जागी तीन आठवडे पाय पसरून राहणाऱ्याला बहुतेक वेळा हीच स्वस्त पडते. मे-सप्टेंबरात चाळीस रात्री गावोगाव फिरणारं निवृत्त डच जोडपं मात्र एसीएसआयचं कार्डच घेतं, कारण उद्या कुठे थांबलो तरी किती पडतील हे त्यांना आज माहीत असतं. स्वस्ताईपेक्षा त्यांना ही खात्री विकत हवी असते, असं आमचं मत आहे.

यातलं काय उचलून अकोले तालुक्यात आणावं? ते ठरवण्याआधी एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण परदेशी कार्डाच्या गप्पांत तो हमखास निसटतो. तिकडचा मालक जमीन विकतो. वाहन पाहुण्याचं, तंबू पाहुण्याचा, स्वयंपाक पाहुण्याचा. मालकाचं एक ओटाभर गवत, विजेचा खांब आणि न्हाणीघर. सातवी रात्र फुकट दिली तर त्याचं जातं काय? चार युनिट वीज आणि थोडं गरम पाणी. म्हणून त्याला मोठी सूट देता येते.

आपण ताट विकतो. तंबू आपला, गादी आपली, चहा, भजी, चिकन, बाजरीची भाकरी, इंद्रायणीचा भात, सकाळचे पोहे सगळं आपलं. आपल्या पॅकेजमधला मोठा वाटा रोज सकाळी राजूरच्या नाहीतर घोटीच्या बाजारात रोख जातो. कोंबडीवाला सीझन बघून भाव कमी करत नाही. पूर्ण पॅकेजवर वीस टक्के सूट म्हणजे ताटावरही वीस टक्के सूट, आणि ती सरळ आपल्या खिशातून. तिकडची 'सात रात्री, सहाचे पैसे' ही पाटी आपण जशीच्या तशी लावली, तर फुकट रात्रीला माणशी पाचशे रुपये आपणच भरायचे.

तेव्हा पहिली गोष्ट, रेट फोडा. तंबूचं वेगळं, ताटाचं वेगळं. ताटाचा दर बारा महिने एकच, वाढला तर सर्वांसाठी वाढेल. सूट फक्त तंबूवर. समजा, शनिवारी दोघांच्या तंबूचे दोघांच्या जेवणासकट २८०० होतात. त्यातले १००० ताट-लाकूड-धुण्याचे, १८०० तंबूचे. मंगळवारी तंबू ९०० ला द्या, एकूण १९००. एजंटाविना आलेल्या पाहुण्याकडून आपल्याकडे ९०० राहतात. आता दुसरी बाजू. हाच तंबू संकेतस्थळावर 'वीस टक्के सूट' लावून २२४० ला गेला आणि कमिशन पंचवीस टक्के असेल, तर ५६० तिकडे गेले, १००० ताटाचे गेले, हाती ६८०. पाहुण्याने ३४० जास्त दिले आणि आपल्याला २२० कमी मिळाले. कराचं गणित त्याशिवाय. जीएसटीची नोंदणी नसलेल्या कॅम्पचं बुकिंग संकेतस्थळावरून झालं की त्यावरचा कर संकेतस्थळ भरतं आणि तो पाहुण्याच्या बिलात येतो. आकडे प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. बेरीज-वजाबाकीच आहे, सीए लागत नाही.

सलग रात्रींची सूटही मग देता येते. दोन रात्री राहिलं की तिसऱ्या रात्रीचा तंबू फुकट, ताटाचे पैसे मात्र द्यायचे. तिसऱ्या रात्रीसाठी भंडारदऱ्यात करण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्याला आम्ही रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळासमोर सकाळी सातला उभं करू. रतनगड आहे, साम्रदची सांधण घळ आहे, बारीहून कळसूबाई आहे. आणि कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांची बियाणे बँक आहे. पद्मश्रीने गौरवलेलं हे काम आपल्या तालुक्यात आहे आणि आपल्यातल्या किती जणांनी पाहुण्यांना तिथे धाडलं, हे विचारायला आम्हालाच संकोच वाटतो.

दुसरी गोष्ट तारखांची. युरोपात हंगाम महिन्यांनी मोजतात, कारण जुलै-ऑगस्टला शाळा बंद आणि ऊन चांगलं. आपला हंगाम महिन्यांचा नाही, वारांचा आहे. शुक्रवारी संध्याकाळी घोटीहून गाड्यांची रांग येते, रविवारी दुपारी चारला ओसरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या सगळ्यांत देखण्या चार महिन्यांतही सोमवार ते गुरुवार तंबू ओसाड. तेव्हा आपलं 'ऑफ सीझन कार्ड' म्हणजे खरं तर सोमवार ते गुरुवारचं कार्ड. त्यावर कोणत्या तारखांना ते चालत नाही तेही छापा : ३१ डिसेंबर, जोडून आलेल्या सुट्ट्या, १५ ऑगस्टच्या आसपासचे दिवस.

काजव्यांच्या दिवसांबद्दल मात्र आमचं मत थोडं उलटं आहे. मेअखेर आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सादडा, हिरडा, बेहडा, उंबर ही झाडं लुकलुकतात, तेव्हा सूट कशाला, असं कोणीही म्हणेल. शनिवारी तर नकोच. पण त्याच आठवड्यातल्या मंगळवारी दिली तर शनिवारचे काही पाहुणे मंगळवारी सरकतील. शनिवारी रात्री कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या अरुंद रस्त्यावर हेडलाइटांची जी माळ लागते, तिच्या उजेडात काजव्यांचं काय होतं ते स्थानिकांना सांगायला नको. मादीला नराचा प्रकाशच दिसला नाही तर पुढच्या वर्षीचे काजवे येणार कुठून? तिथे सूट द्यायची ती तंबू भरण्यासाठी नव्हे, गर्दी पातळ करण्यासाठी.

पावसाळ्याचं वेगळं. जुलै-ऑगस्टला घाटघर-रतनवाडी पट्ट्यात जो पाऊस होतो त्यात तंबू लावणं हा धंदा नव्हे. वारा फ्लाय उडवून नेतो, जमीन पिळली तर पाणी गळेल अशी, आणि सांधणीत तर उतरायचंच नसतं. तरीही 'मान्सून ऑफर, तंबू निम्म्या दरात' अशा जाहिराती दरवर्षी दिसतात. निम्म्या दरात ओली गादी घेऊन गेलेला पाहुणा पूर्ण दराला परत येत नाही. त्या महिन्यांत तंबू गुंडाळून ठेवा, घरातल्या खोल्या द्या, आणि खोली पूर्ण दराने द्या. धबधबे बघायला लोक येतातच.

मंगळवारी येणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. डच पेन्शनर आपल्या दारात येणार नाही, पण संगमनेर, नाशिक, पुण्यातले निवृत्त शिक्षक, बँकवाले येतील. त्यांना शनिवारचा डीजे तसाही नको असतो. त्यांना तंबूत वाकून शिरणं जमत नाही, तेव्हा दोन-तीन उंच तंबू, खाट आणि जवळ संडास एवढी सोय करा. कोणी म्हणतं कार्डाला ॲप काढू. नका काढू. ही माणसं व्हॉट्सॲपवर आलेला छापील दरफलक बघून फोन करतात.

आणखी एक गिऱ्हाईक आपल्याच जिल्ह्यात आहे आणि त्याच्याकडे आपलं लक्ष नाही. शिर्डीला गुरुवारी पालखी असते, त्यामुळे गुरुवारी तिथे गर्दी. दूरच्या राज्यांतून येणारी कुटुंबं बुधवारी रात्री शिर्डीत पोहोचतात. त्यांनी एक दिवस आधी निघून मंगळवारची रात्र भंडारदऱ्यात काढली तर? अकोले-संगमनेरमार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी निघून दुपारी शिर्डी. बाहेरगावच्या भाविकाला अहिल्यानगर जिल्ह्यात शिर्डी आणि शनिशिंगणापूर माहीत असतं. त्याच जिल्ह्यात कळसूबाई आहे हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. शिर्डीतल्या गाडीवाल्यांशी बोलणं हे संकेतस्थळाला पंचवीस टक्के देण्यापेक्षा स्वस्त पडेल, असा आमचा अंदाज आहे. या पाहुण्यांसाठी ताट शाकाहारी लागेल आणि भांडी वेगळी, हे आधीच धरून चाला.

आगाऊ पैसे घेऊन कूपनं विकण्याची, म्हणजे चेकच्या धर्तीची, योजना सध्या तरी कोणी काढू नये. २०२० चा काजव्यांचा हंगाम टाळेबंदीत गेला. आलेला ॲडव्हान्स बाजारात खर्च झालेला असेल तर तो परत कुठून करायचा, हा पेच तेव्हा या धंद्याने पाहिला. एका कॅम्पचं कूपन बुडालं तर तो कॅम्प बदनाम होतो. दहा कॅम्पांचं मिळून काढलेलं कूपन बुडालं तर अख्खा जलाशय बदनाम होईल.

दहा-बारा कॅम्पांनी मिळून एक दरफलक मात्र काढता येईल. तीन पायऱ्या पुरेत : सोमवार ते गुरुवार तंबू ७००, ९०० किंवा ११००; ताट वेगळं. ज्याचा संडास पक्का, अंथरूण धुतलेलं आणि आवाज बंद, त्याने वरची पायरी घ्यावी. पायरी कोणाला कोणती, यावर भांडणं होतील. होऊ द्यात. तिकडे निरीक्षक बाहेरून येतो. इथे मुरशेतच्या मालकाने रतनवाडीचा कॅम्प तपासावा आणि रतनवाडीच्याने मुरशेतचा.

त्या जानेवारीतल्या मालकांना हा हिशेब पाठवला. त्यांनी विचारलं, फोनवर "शेवटचं किती?" म्हणणाऱ्याला काय सांगू? आम्ही म्हटलं, ताटाचा दर सांगा आणि म्हणा, चिकनऐवजी पिठलं घेतलंत तर शंभर कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या सगळ्या मंगळवार-बुधवारांचा जमाखर्च वाचकांनी आमच्याकडे पाठवावा, तंबूचा वेगळा, ताटाचा वेगळा, एजंटाचा वेगळा. नावं न छापता मार्चच्या अंकात आकडे शेजारी-शेजारी मांडू.