तलावाचा जमाखर्च

भाड्याच्या गृहसंकुलांत पोहण्याचा तलाव असणें हें आतां नवल राहिलें नाहीं. मालक त्याच्या नांवावर अधिक भाडें घेतो, भाडेकरूही तें देतात. परंतु तलावास पाणी व वीज किती लागते, हें उभयतांस क्वचितच ठाऊक असतें. आणि हिशेब ठाऊक नसला म्हणजे काटकसर नेमकी नको तेथें होते.

१२ मीटर लांब, ६ मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल अशा तलावांत ८६,४०० लिटर पाणी मावतें. उन्हानें रोज ५ मिलिमीटर पातळी उतरली, तर ३६० लिटर पाणी हवेंत जातें. महिन्याकाठीं १०,८०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरहून अधिक! तलाव बंद असतांना वर आच्छादन घातल्यास यांतील बराच भाग वांचतो. पातळी फारच वेगानें उतरत असल्यास पायरीवर एक बादली तलावाच्या पातळीपर्यंत भरून ठेवावी. एक अहोरात्र लोटल्यावर बादलीपेक्षां तलाव अधिक उतरलेला दिसला, तर गळती आहे असें समजावें.

विजेचेंही असेंच आहे. वेग बदलतां येणारा पंप निम्म्या वेगानें चालविला, तर त्यास सिद्धांततः एक अष्टमांश शक्ति लागते. तेवढेंच पाणी गाळण्यास वेळ दुप्पट लागला, तरी विजेचा खर्च चौथाईवर येतो. क्लोरीनचें प्रमाण मात्र घटवूं नये. ऊन त्यास नष्ट करतें. म्हणून तो सूर्यास्तानंतर, पोहणारे बाहेर आल्यावर घालावा, म्हणजे वायां जात नाहीं.

हें सर्व सोडून कित्येकदां पहिली कुऱ्हाड पडते ती जीवरक्षकाच्या वेतनावर. हा मितव्यय नव्हे. बुडणारें मूल बहुधा ओरडत नाहीं. श्वास घेण्यासच जेथें अवधि नाहीं, तेथें हांक कोठून येणार? दिवसभराचें वेतन परवडत नसेल, तर तलाव सकाळीं दोन व सायंकाळीं दोन तासच उघडावा, आणि एरव्हीं फाटकास कुलूप असावें. पाण्याचें शुद्धीकरण मात्र बंद पडूं देऊं नये.

भाडेकरूंनीं करारावर सही करण्यापूर्वीं तलावाचा खर्च भाड्यांत धरला आहे कीं वेगळा, हें लेखी विचारावें. मालकानेंही दरमहा पाणी, वीज, औषधें व वेतन हीं चार कलमें फलकावर मांडावीं. पहिल्या तिहींत शहाणपणानें बचत करावी. चौथें कलम मात्र तलाव उघडा आहे तोंवर कोणीं खोडूं नये.