आपली गल्ली आपण दाखवू या



मागच्या हिवाळ्यात आम्ही मुलीला घेऊन मुहर्रकचा 'मोत्यांचा मार्ग' पायी हिंडलो. समुद्रकाठच्या बू माहिर किल्ल्यापासून सियादी या मोती-व्यापारी घराण्याच्या वास्तूंपर्यंतची ही सुमारे साडेतीन किलोमीटरची वाट. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत घेतले. इथले मोती एके काळी मुंबईच्या बाजारात विकले जात, हे ऐकून मुलगी हरखली. परतताना आम्ही सहज विचारले, "आता आपल्या उम्म अल हस्समबद्दल सांग." ती म्हणाली, "तिथे काय आहे? आपली बिल्डिंग आणि कोल्ड स्टोअर!"

दोष तिचा नाही. दारातून गाडीत आणि गाडीतून दारात, अशी आमची इथली पंधरा वर्षे गेली. सुट्टीत पुण्याला शनिवारवाडा दाखवला, पण रोजचा रस्ता गाडीच्या काचेतूनच पाहिला.

शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्ज २००६ साली वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ २००७ साली टोरांटोत 'जेन्स वॉक' सुरू झाला. त्यात पगारी गाइड नाही, तिकीट नाही. रहिवासीच शेजाऱ्यांना आपला भाग फिरून दाखवतात. पुढे ही पद्धत अनेक देशांत गेली. आमचे मत असे, की आपल्या वर्गानेही हे करावे. वाट मुलांनी दाखवावी, आणि मराठीतून.

ना किल्ला, ना वाडा. मग दाखवणार काय? आम्हालाही हीच शंका होती. म्हणून एका शुक्रवारी सकाळी मुलीला पुढे घालून निघालो. घरांच्या पत्त्यात इमारत, रस्ता आणि ब्लॉक असे तीन आकडे कसे वाचायचे, हे तिने समजावले. तंदुरातून निघणाऱ्या खुबुसला पोळी म्हणावे की भाकरी, यावर आमचा वाद झाला. कोल्ड स्टोअरच्या काकांचे नावही आम्हाला ठाऊक नव्हते. तिला त्यांचे केरळातले गाव, नातीचे नाव, सारे ठाऊक! तिच्याजवळ सांगण्याजोगे पुष्कळ होते, फक्त आम्ही कधी विचारले नव्हते. आम्ही संगणकावर काम करणारी माणसे. नकाशात दुकान दिसते, पण त्यातला माणूस दिसत नाही, हे त्या दिवशी कळले.

पथ्ये थोडीच आहेत. नोव्हेंबर ते मार्च, सकाळची वेळ, आठ-दहा जणच. लोकांच्या दारांत डोकावू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये, नमाजाच्या वेळी मशिदीपाशी घोळका करू नये.

आपला इथला मुक्काम व्हिसापुरता. उद्या परगावी कुणी मुलांना विचारील, "लहानपण कुठे गेले?" तेव्हा नुसता फ्लॅटचा नंबर सांगण्याची पाळी त्यांच्यावर येऊ नये. पहिल्या फेरीसाठी आमची गल्ली तयार आहे. दुसरी कोण दाखवणार? बाईंकडे नाव द्यावे.