‘ओटीपी कुणाला दिला होता का?’

क्रेडिट कार्डाच्या बिलात न केलेला खर्च दिसला की आपण बँकेला फोन लावतो. बटणं दाबून दाबून शेवटी माणूस भेटतो आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तुम्ही ओटीपी कुणाला दिला होता का?” आवाज अगदी नम्र. पण तेवढ्या एका वाक्यात तक्रार करायला आलेला माणूस आरोपी होऊन बसतो. घरीही तेच. बाबा विचारतात, “कुठली लिंक उघडली होतीस?” ऑफिसात सांगावं तर “इंजिनियर ना तू?” म्हणून हसतात. पैसे बँकेच्या यंत्रणेतून गेले, लाज मात्र आपल्याला वाटते.

हा सगळा व्यवहार उलटा आहे आणि तो उलटा चालवून घ्यायचं आपण थांबवलं पाहिजे.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढलं. त्यात स्वच्छ म्हटलं आहे की अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहाराला ग्राहक जबाबदार आहे, हे सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकानं कळवलेलं असो वा नसो, त्याच्यावर एक रुपयाचाही बोजा नाही. चूक दोघांचीही नसेल, मधेच कुठेतरी यंत्रणेत गळती झाली असेल, तर सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास बोजा शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर पाच लाखांपर्यंतच्या लिमिटच्या कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डावर २५,०००. बँकेला कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम परत जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल लावायचा. २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत आणखी भर पडली. फ्रॉड म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कुठलाही चार्ज लावायचा नाही. बिलाबद्दल तक्रार आली तर ३० दिवसांच्या आत खुलासा द्यायचा, लागू असेल तिथे कागदोपत्री पुराव्यासकट.

एवढं सगळं लिहिलेलं असताना फोनवरचा पहिला प्रश्न ओटीपीचाच का? कारण तो स्वस्त पडतो. ग्राहक जरा अडखळला की फाईल बंद करायची सोय होते.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ओटीपीनं नेमकं काय सिद्ध होतं ते सांगतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की अमुक वाजता सहा आकडे आले आणि ते जुळले. ते कुणी टाकले, फोनमध्ये एसएमएस वाचणारं एखादं लबाड अ‍ॅप बसलं होतं का, कुणी त्याच नंबरचं दुसरं सिम काढून घेतलं होतं का, यातलं काहीही त्या ओळीत नसतं. आकडे जुळले म्हणजे मालकानंच खरेदी केली, हा निष्कर्ष तो लॉग देत नाही. तो बँक काढते.

शिवाय कितीतरी व्यवहारांत ओटीपी येतच नाही. ओटीपीसारख्या जादा पडताळणीची सक्ती आपल्या देशातल्या ऑनलाइन व्यवहारांना आहे. परदेशी वेबसाइटवर अनेकदा कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख एवढ्यावर काम भागतं. दुकानात कार्ड नुसतं टेकवलं तर ५,००० रुपयांपर्यंत पिनही लागत नाही. सबस्क्रिप्शनला एकदा परवानगी दिली की पुढचे १५,००० रुपयांपर्यंतचे हप्ते ओटीपीशिवाय जातात. माझ्या टीममधल्या एका मुलीच्या कार्डावर मध्यरात्री डॉलरमधला खर्च पडला होता. ओटीपीचा मेसेज आलाच नव्हता. तरीही तिला तीन वेगवेगळ्या माणसांनी तोच प्रश्न विचारला.

आता एसएमएसबद्दल. त्याच २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे की खर्चाच्या मेसेजला नुसतं ‘रिप्लाय’ करून ग्राहकाला हरकत नोंदवता आली पाहिजे, त्याला वेबसाइट किंवा ईमेल पत्ता शोधत फिरावं लागू नये. तुमच्या इनबॉक्समधला असा एखादा मेसेज उघडून पाहा. तो अक्षरांच्या नावानं आलेला असतो आणि तशा नावाला उत्तर पाठवता येत नाही. खाली फार तर कार्ड ब्लॉक करायचा नंबर असतो. कार्ड ब्लॉक करणं आणि झालेल्या व्यवहारावर हरकत घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी होत नाही आणि तीन दिवसांचं घड्याळ चालूच राहतं.

बँकांची बाजूही ऐकू. लोक सबस्क्रिप्शन घेऊन विसरतात, घरातल्या कुणीतरी कार्ड वापरलेलं असतं, काही जण चक्क खोटं बोलतात. हे खरं आहे. ग्राहकानं स्वतःहून ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, असं परिपत्रकही म्हणतं. त्यानंतरचं मात्र बँकेचं. पण खरंखोटं करण्यासाठीच तर नव्वद दिवस दिलेले आहेत आणि लॉग, आयपी पत्ता, व्यापाऱ्याची कागदपत्रं मागवण्याची सोय बँकेकडेच आहे. विसरण्याचं म्हणाल तर कार्डाच्या संदेशांसाठी आयएसओ ८५८३ नावाचं मानक आहे. त्यात दुकानाचं नाव, गाव आणि देश मिळून चाळीस अक्षरांची जागा असते. तिथे पुष्कळदा दुकानाच्या पाटीवरचं नाव न येता कंपनीचं कागदोपत्री नाव येतं. स्वतःची खरेदीही ओळखू न येणारं बिल द्यायचं आणि वर ग्राहक विसरभोळा म्हणायचं, हे कसं चालेल?

ओझं कुणावर, हा प्रश्न फक्त न्यायाचा नाही. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये ‘जड विरुद्ध सिटीबँक’ हा एटीएमचा खटला झाला. आमचं यंत्र चुकूच शकत नाही, हा बँकेचा दावा न्यायालयानं मान्य केला नाही. ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवला. ब्रिटनमध्ये मात्र बँका असे दावे पुढे करून ग्राहकांना परत पाठवत राहिल्या. केंब्रिजचे सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९३ साली या दोन देशांची तुलना केली. तक्रार उडवून लावता येते म्हटल्यावर ब्रिटिश बँकांचे कर्मचारी आळशी आणि निष्काळजी झाले, असं त्यांचं म्हणणं होतं. तोटा ज्याच्या पदरात पडतो तोच कुलूप दुरुस्त करतो. आपल्याकडे नियम अमेरिकेच्या वळणाचा आहे आणि फोनवरची वागणूक तेव्हाच्या ब्रिटनची.

म्हणून न केलेला खर्च दिसला तर कार्ड ब्लॉक करा, पण तिथे थांबू नका. त्याच दिवशी ईमेल करा. तारीख, रक्कम, बिलावरचं नाव आणि ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ एवढं वाक्य पुरे. तक्रार क्रमांक घ्या. सरळ फसवणूक असेल तर १९३० वर कळवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत. आणि ईमेलमध्ये ‘कृपया मदत करा’ लिहू नका. मी जबाबदार आहे असं तुमचं म्हणणं असेल तर पुरावा पाठवा, असं लिहा.