राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे



वाचकांच्या पत्रांत एका पत्रलेखकाने केलेले ‘राइट-ऑफ आणि वेव्हर एकच’ हे विधान शेतकऱ्याला महागात पडेल. वेव्हरमध्ये, म्हणजे कर्जमाफीत, कर्जदार मोकळा होतो. २०१७च्या कर्जमाफीत पात्र शेतकऱ्यांची दीड लाखापर्यंतची थकबाकी राज्य सरकारने बँकांना दिली. राइट-ऑफमध्ये बँक फक्त आपला ताळेबंद साफ करते. वसुलीचा हक्क शाबूत, सातबाऱ्यावरचा बोजाही कायम. आमच्याकडे पानपिंपरीचा मळा बुडालेले एक काका ‘राइट-ऑफ झालं’ एवढं ऐकून निर्धास्त राहिले, अन् पुढे वसुलीची नोटीस दारात आली. बड्या उद्योगांच्या राइट-ऑफबद्दलचा पत्रलेखकाचा राग रास्तच आहे, पण तिथे विचारायचे ते हे की नंतर वसुली किती झाली? आणि शेतकऱ्यांनो, तोंडी शब्दावर विसंबू नका, बेबाकी दाखला लेखी मागा.

– एक वाचक, अंजनगाव सुर्जी (जि. अमरावती)